मासा, माशी आणि मंडळ

'माश्या मारीत बसणे' हा वाक्प्रचार आपण रिकामटेकड्या माणसासाठी वापरतो. पण इंग्लंड-स्कॉटलंडात आणि अमेरिकेत अशी पुष्कळ माणसे आहेत की जी हिवाळ्याच्या संध्याकाळी दिव्याखाली बसून माश्या बांधीत असतात. होय, बांधीत! इवलासा गळ घ्यायचा, त्यावर बारीक दोऱ्याने पिसे, लोकर, केस असे काहीबाही बांधायचे आणि त्याला पाण्यावरच्या किड्याचे रूप द्यायचे. मग ती खोटी माशी पाण्यावर टाकून खरा मासा धरायचा. या कलेला तिकडे 'फ्लाय-टाइंग' म्हणतात. ब्रिटनमध्ये 'फ्लाय-ड्रेसिंग', म्हणजे माशीला पोशाख चढवणे, असेही म्हणतात. हा छंद असलेल्यांची तेथे मंडळे आहेत आणि त्या मंडळांच्या गावोगाव शाखा आहेत.

तुम्ही म्हणाल, "अहो, आमच्या ओढ्यात शिंगटा आणि मळ्या. आम्हांला या साहेबी माशीचे काय?" प्रश्न रास्त आहे. पण आज मला मुख्यतः सांगायचे आहे ते हे, की ही माणसे आपल्या गावात अशा मंडळाची शाखा काढतात कशी आणि ती टिकवतात कशी. गावात चार माणसे जमवून काही चांगले सुरू करणे आणि ते नव्याचे नऊ दिवस संपल्यावरही चालू ठेवणे, हा प्रश्न जितका त्यांचा तितकाच आपला आहे. शिवाय या इवल्या माशीचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीच्या रानापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रथम ही माशी काय वस्तू आहे ते समजून घेऊ. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहणारा ट्राउट नावाचा एक मासा आहे. त्याचे पोट पुष्कळसे पाण्यातल्या किड्यांवर भरते. त्या किड्यांत 'मे-फ्लाय' हा एक प्रमुख. हा कीटक बालपणी महिनोन्महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षे, पाण्याच्या तळाशी दगडाखाली राहतो. मग एके दिवशी वर येतो, कात टाकतो, पंख पसरतो आणि एक-दोन दिवसांत अंडी घालून मरून जातो. पंख फुटल्यावर तो अन्नाचा कणही घेत नाही, कारण त्याला खाण्याजोगे तोंडच उरलेले नसते. त्याचे हे दोन दिवसांचे आयुष्य, पण तेवढ्यात ट्राउटची मात्र दिवाळी होते.

आता असा नाजूक किडा गळाला टोचायचा कसा? हात लावला की त्याचा चुरा होतो. म्हणून माणसाने त्याची नक्कल करायला घेतली. ही नक्कल फार जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांची हकीकत लिहून ठेवली आहे. ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवीत. पुढे १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक निबंध छापला गेला, त्यात बारा माश्यांची कृती दिलेली आहे. तेव्हापासून आजपर्यंत साहित्य बदलले, हत्यारे बदलली, पण मुख्य गोष्ट तीच राहिली. ती म्हणजे दोन हात, एक दोरा आणि पाण्यातल्या किड्याची नीट ओळख.

हे काम पुस्तकातून शिकता येत नाही का? थोडेसे येते. आजकाल तर मोबाइलवर बसल्या जागी हवी ती माशी बांधताना पाहायला मिळते. पण दोरा किती ताणायचा हे पुस्तक सांगू शकत नाही. कमी ताणला तर पिसे निसटतात, जास्त ताणला तर दोरा तुटतो. हा ताण बोटांना कळावा लागतो. आणि तो कळतो जाणत्या माणसाशेजारी बसून. आपल्याकडे घोंगडी विणणारा, बुरूडकाम करणारा किंवा मासेमारीचे जाळे विणणारा माणूस हीच गोष्ट सांगेल.

पण जाणता माणूस शेजारी बसू देईल तेव्हा ना! वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण काही आपल्याच तालमीपुरती नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रॉस्को नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १९२० च्या दशकात वॉल्ट डेट हा तरुण माशी बांधण्याच्या नादाला लागला. त्या भागात रूबेन क्रॉस हा या कलेतला नावाजलेला माणूस. डेटने शिकवणीबद्दल पैसे देऊ केले, पण क्रॉसने साफ नकार दिला. मग डेट, विनी आणि हॅरी डार्बी या तिघांनी काय करावे? त्यांनी क्रॉसच्याच माश्या विकत आणल्या आणि एकेक वेढा उलगडीत त्या सोडवल्या. कोणता दोरा आधी, कोणते पीस नंतर, हे सारे त्यांनी असे उलट्या क्रमाने शिकून घेतले. विनी ही पुढे डेटची पत्नी झाली, आणि तिघेही आपापल्या परीने नामवंत कारागीर झाले.

याच्या जोडीला दुसरी हकीकत ठेवून पाहा. स्कॉटलंडच्या उत्तरेला सदरलँड भागात मेगन बॉईड नावाची बाई राहत असे. जन्म १९१५ चा, मृत्यू २००१ चा. समुद्रकाठच्या साध्या झोपडीवजा घरात, वीज नसताना, तिने वर्षानुवर्षे सामन माशासाठी माश्या बांधल्या. स्वतः मात्र ती मासे धरीत नसे! १९७१ साली ब्रिटिश सरकारने तिला पदक देऊन गौरवले. ही बाई लहानपणी शिकली ती शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्या एका शेजाऱ्याकडून. त्याने काय करावे? तयार माश्या तिच्या पुढ्यात ठेवाव्यात, त्या सोडवायला लावाव्यात आणि त्याच सामानाने पुन्हा बांधून घ्याव्यात.

दोन्हीकडे माशी सोडवूनच विद्या मिळाली. पण एकीकडे शिकणाऱ्यांना ती चोरून मिळवावी लागली, दुसरीकडे शिकवणारा शेजारी बसला होता. डेट आणि डार्बी जिद्दीचे म्हणून तरले. त्यांच्या जागी साधारण हिमतीची माणसे असती तर ती विद्या क्रॉसच्या मुठीतच राहिली असती. कुठल्याही मंडळाची शाखा निघते ती ही मूठ उघडावी म्हणून. हे ध्यानात ठेवले की पुढचे नियम आपोआप सुचतात.

अशी मंडळे संघटित व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेत १९६५ साली ऑरेगन राज्यातल्या यूजीन शहरी माशीने मासे धरणाऱ्यांच्या मंडळांचा एक महासंघ स्थापन झाला. आज तो 'फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल' या नावाने ओळखला जातो. ब्रिटनमध्ये १९६७ साली 'फ्लाय ड्रेसर्स गिल्ड' ही संस्था निघाली. या गिल्डचा खरा संसार चालतो तो तिच्या स्थानिक शाखांत.

शाखा हा शब्द आपण झाडावरून घेतला. पण साधी फांदी खोडाच्या जिवावर जगते. मंडळाची शाखा वडाच्या पारंबीसारखी असली पाहिजे. पारंबी वरून येते खरी, पण जमिनीत स्वतःचे मूळ धरते तेव्हाच ती टिकते. मुख्य संस्था नाव देते, नियमांचा नमुना देते, अंक पाठवते, कधी एखादा निष्णात कारागीर प्रात्यक्षिकाला धाडते. पण दर आठवड्याला खोलीचे कुलूप कोणी उघडायचे, हे वरून ठरत नाही.

म्हणून शाखा काढणारा शहाणा माणूस पहिल्या दिवशी अध्यक्ष निवडीत नाही. तो आधी माणसे शोधतो. पाच-सहा पुरेत. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, वाचनालयाच्या फळ्यावर, शाळेत एक चिठ्ठी लावली जाते. तिच्यावर एवढेच असते: अमुक वारी, अमुक वेळी, अमुक जागी माशी बांधायला शिकवली जाईल, काही येत नसले तरी चालेल, हत्यारे आम्ही देऊ. या चिठ्ठीतली शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. नवखा माणूस घरीच राहतो तो दोन भीतींमुळे. आपल्याला काही येत नाही ही एक, आणि खर्च किती होईल ही दुसरी. या दोन भीती दारातच उतरवून ठेवायला हव्यात.

मग शिकवणारा. सर्वांत कुशल कारागीर हाच सर्वांत चांगला शिक्षक असतो असे नाही, हे शिक्षकबंधूंना मी सांगायला नको. ज्याला आपली पहिली वेडीवाकडी माशी अजून आठवते आणि दहाव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी ज्याच्या कपाळाला आठी पडत नाही, तो माणूस हवा. एका शिकवणाऱ्यापाशी सहाच जण बसावेत. हात दोन आणि माशी इवलीशी. सातव्या माणसाला नुसती पाठ दिसते. जास्त माणसे आली तर दुसरे टेबल मांडावे. काही शाखांत आता कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर हात दाखवतात. त्याने सोय होते, पण चूक सुधारायला शेवटी शेजारी बसावेच लागते.

जागा कशी हवी? भपका नको, उजेड हवा. टेबल भक्कम हवे, कारण गळ धरून ठेवणारा छोटा चिमटा त्याच्या कडेला स्क्रूने आवळायचा असतो. प्रत्येकापुढे पांढरा कागद अंथरावा, म्हणजे बारीक गळ आणि दोरा स्पष्ट दिसतो आणि खाली पडलेला गळ कोणाच्या पायात जात नाही. गावच्या सभागृहाची मागची खोली, शाळेचा वर्ग, वाचनालयाचा कोपरा, काहीही चालते.

वेळेचे गणित तर मौजेचे आहे. इंग्लंडच्या बहुतेक नद्यांवर ट्राउट धरायला साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा नदीवर जायचे नाही आणि संध्याकाळी तर चार वाजताच अंधार पडतो. म्हणून माशी बांधण्याचे वर्ग हिवाळ्यात भरतात. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याला कीर्तनाला बोलावून उपयोग नाही, तसेच हे. लोकांना सवड असेल तो हंगाम धरावा, आणि एकदा वार ठरला की तो काही केल्या बदलू नये. आपली भजनी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती एकादशी कोणाला विचारून येत नाही म्हणून.

आता खर्च. एकट्याने हा छंद सुरू केला तर तो महाग पडतो, आणि मंडळाचे खरे कारण येथेच आहे. कोंबड्याच्या मानेच्या एका कातड्यावर शेकडो पिसे असतात. एका माशीला लागतात एक किंवा दोन. ते कातडे एकट्याला वर्षानुवर्षे पुरून उरते, आणि त्याला तर दहा रंगांची पिसे हवी असतात. सहा जणांनी सहा वेगळी कातडी घेऊन वाटून घेतली की प्रत्येकाजवळ सहा रंग होतात आणि खर्च मात्र एकाचाच येतो. सुरुवातीची हत्यारेही सामाईक असावीत. पकडीचा चिमटा, बारीक टोकाची कात्री, दोऱ्याचे रीळ धरणारी नळी आणि पीस धरायचा लहान चाप, एवढी चार पुरतात. ती पेटीत ठेवावीत आणि वहीत नोंद करून ज्याला हवी त्याला घरी न्यायला द्यावीत. वर्गणी थोडी, पण हिशेब लेखी असावा.

पहिल्या संध्याकाळी मात्र भाषण नको, इतिहास नको, आणि माझ्यासारखा प्राध्यापक तर मुळीच नको. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाने एक माशी पुरी करून घरी न्यावी, एवढाच नेम. त्यासाठी बहुतेक ठिकाणी 'वुली बगर' नावाची धांदरट दिसणारी माशी निवडतात. ती पाण्याखालच्या लहानसहान जीवांची भरड नक्कल आहे, आणि वेडीवाकडी झाली तरी मासा तिला नाक मुरडीत नाही.

तिची कृती ऐका. गळ चिमट्यात घट्ट बसवा. नेढ्याजवळ दोरा सुरू करून दांडीवर शेजारी-शेजारी वेढे देत गळाच्या वाकापर्यंत जा. तेथे मऊ पिसांची शेपटी बांधा, लांबी गळाच्या दांडीएवढी. ही पिसे 'मॅराबू' या करकोच्याच्या नावाने विकली जातात, पण हल्ली ती टर्की कोंबड्याची असतात. शेपटीच्या मुळाशीच केसाळ दोऱ्याचा एक तुकडा आणि कोंबड्याचे एक लांब पीस टोकाकडून अडकवा. आता बारीक दोरा पुढे नेढ्याकडे आणा. केसाळ दोऱ्याचे वेढे देत पुढे या, तो बांधा. मग पीस मळसूत्रासारखे, मधे अंतर सोडीत, पुढे गुंडाळा, बांधा. शेवटी दोऱ्याचे टोक त्याच्याच चार-पाच वेढ्यांखाली दडपून ओढा आणि कापा. झाली माशी.

येथे नव्वद टक्के नवखी माणसे एकच चूक करतात असे म्हटले तर शिकवणारे मान डोलावतील. ती अशी की सामान बांधीत बांधीत ती नेढ्यापर्यंत पोहोचतात, आणि शेवटची गाठ मारायला जागाच उरत नाही. म्हणून जाणता माणूस सुरुवातीलाच सांगतो, "नेढ्यामागे थोडी दांडी मोकळी ठेव." हे वाक्य पुस्तकातही असते. पण शेजारचा माणूस ते बरोबर त्या क्षणी सांगतो. फरक तेवढाच, आणि तोच सगळा.

असे सहा-आठ आठवडे नियमित पार पडले, माणसे आपणहून खुर्च्या मांडू लागली, की मग मुख्य संस्थेला पत्र घालावे, तिचे नियम वाचावेत, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडावेत. आधी काम, मग पाटी.

इतके करूनही पुष्कळ ठिकाणी माशी शिंकते. कुठे शिंकते ते पाहा. पहिली जागा म्हणजे जाणत्यांचे कोंडाळे. जुने चार मित्र एका टेबलाशी बसून दुर्मीळ पिसांच्या गोष्टी करतात, आणि नवा माणूस कोपऱ्यात चहा पिऊन घरी जातो. उपाय सोपा आहे: प्रत्येक जाणत्याच्या उजव्या हाताला एक नवखा बसलाच पाहिजे. दुसरी जागा म्हणजे एकखांबी तंबू. किल्ली, हिशेब, सामान, पत्रे सारे एका चिटणीसावर, आणि तो आजारी पडला की शाखा आजारी. म्हणून किल्ल्या दोन, आणि वर्षाला कामांची अदलाबदल. तिसरी जागा म्हणजे वय. केवळ निवृत्तांचीच मंडळी जमली तर शाखेचे आयुष्य तेवढेच. मुलांना घ्यावे, पण गळ हे टोकदार हत्यार आहे. म्हणून उलटा काटा दाबून सपाट केलेले गळ, डोळ्यांना चष्मा आणि सोबत वडीलधारे माणूस, हे तीन नियम पाळावेत.

आता मघाशी म्हटलेल्या सह्याद्रीच्या धाग्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामन माशासाठी फार भडक, रंगीबेरंगी माश्या बांधण्याची चाल पडली. त्यांसाठी जगभरच्या पाखरांची पिसे जात. त्यांत एक पीस असे होते की ज्याच्या टोकाशी पांढरे-पिवळे, मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. माशीच्या डोक्यापाशी ते लावले की हुबेहूब डोळा वाटतो. हे पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे. पहाटे सह्याद्रीच्या झाडीत ज्याची बांग ऐकू येते, तोच हा पक्षी! त्याच्या मानेची कातडी जहाजांतून विलायतेला जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. परदेशात आज ही पिसे हौशी लोकांनी पिंजऱ्यात वाढवलेल्या रानकोंबड्यांपासून मिळवतात, किंवा रंगवलेल्या साध्या पिसांवर काम भागवतात. मासा काही पिसाचा दाखला मागत नाही.

पण माणसाचा हव्यास मागतो. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग गावी, निसर्ग-संग्रहालयाच्या पक्षीविभागातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोर होता विशीतला एक संगीताचा विद्यार्थी, आणि जुन्या पद्धतीच्या माश्या बांधण्यात पटाईत. त्याने ती पिसे याच छंदाच्या लोकांना विकली. तो पकडला गेला, शिक्षा झाली. पण सगळी कातडी परत आली नाहीत, आणि जी आली त्यांतल्या अनेकांच्या पायांना बांधलेली चिठ्ठी नाहीशी झाली होती. पक्षी कोठे आणि कोणत्या साली मिळाला, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. चिठ्ठी गेली की शास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो पक्षी मुका झाला. त्यांतले काही नमुने तर आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञाने गोळा केलेले होते.

म्हणून चांगल्या शाखेच्या टेबलावर एक प्रश्न विचारायची मुभा सर्वांत नवख्या सभासदालाही असली पाहिजे: "हे पीस आले कोठून?" एकट्याने घरी बसून छंद करणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. चारचौघांत बसणाऱ्याला तो टाळता येत नाही. मंडळाची नैतिक ताकद आहे ती एवढीच, पण ती थोडी नव्हे.

आणि मंडळामुळे भलेही किती होते पाहा. २००५ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात एड निकल्सन या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने जखमी सैनिकांसाठी 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' हा उपक्रम सुरू केला. गावोगावच्या मंडळांतले स्वयंसेवक या सैनिकांना माशी बांधायला आणि गळ टाकायला शिकवतात. हात गमावलेली माणसे एका हाताने माशी बांधू लागली. काम लहान, पण ते पुरे झालेले दिसते, आणि शेजारी कोणी बसलेले असते. खचलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टींचा आधार वाटतो.

दुसरा लाभ नदीचा. माशीची नक्कल करणाऱ्याला आधी खरा किडा ओळखावा लागतो. या ओळखीचा ब्रिटनमध्ये फार चांगला उपयोग करून घेतला आहे. २००७ पासून तेथे मासेमार मंडळींचे स्वयंसेवक महिन्यातून एकदा नदीत उतरतात. तीन मिनिटे पायाने तळ ढवळून जाळीत येणारे किडे ते मोजतात. ठराविक आठ गटांचे किडे, एवढीच मोजणी. जुलै २०१३ मध्ये केनेट नदीवर मार्लबरो गावाजवळ अशाच स्वयंसेवकांच्या ध्यानात आले की जाळीतले किडे मरून गेले आहेत. तपासाअंती पाण्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडले. सांडपाण्याच्या वाटेने ते नदीत उतरले होते, आणि त्याची मात्राही फार नव्हती. हे नाव आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. वाळवीसाठी ते आपल्याकडेही वापरतात. फवारणीचा पंप ओढ्यात धुणाऱ्याने केनेटची ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

तेव्हा आपण काय करायचे? उद्याच ट्राउटच्या माश्या बांधायला बसायचे काय? छे! मूळ प्रतीत चिरडलेली माशी दिसली म्हणून नक्कल करताना तेथे माशी मारून चिकटवणाऱ्या कारकुनाची गोष्ट आपण जाणतोच. मक्षिकास्थाने मक्षिका आपल्याला नको. पण तुमच्या गावात जाळे विणणारा एखादा म्हातारा असेल, गोधडीचे टाके जाणणारी आजी असेल, टोपली विणणारा असेल. त्यांच्या शेजारी सहा जण बसतील असे एक टेबल, नाहीतर एक सतरंजी, आणि न बदलणारा एक वार, एवढ्याने सुरुवात होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने काहीतरी पुरे करून घरी न्यावे.

आणि शिक्षकबंधूंनो, पावसाळा ओसरला, ओढ्याचे पाणी निवळले, की एकदा मुलांना घेऊन काठावर जा. पाणी घोट्याएवढेच हवे. एक दगड हलकेच उचलून उलटा करा. त्याला चिकटलेला, चपट्या अंगाचा, शेपटीला दोन-तीन तंतू असलेला इवला जीव धावताना दिसला, तर तोच मे-फ्लायचा बालक समजा. त्याच्यासाठीच त्या दूरदेशी माणसे रात्र-रात्र दिव्याखाली बसतात. मुलांना तो नीट पाहू द्या, वहीत त्याचे चित्र काढू द्या. आणि निघताना तो दगड जसा होता तसा, त्याच जागी, त्याच बाजूने ठेवायला विसरू नका.